बारावा फोटो

दोरीवर अकरा फोटो चिमट्यांनी टांगले होते आणि त्यातल्या एकावरही घरातल्या दोघांचं एकमत नव्हतं.

रविवार होता म्हणून कात्र्यांना धार लावायची चाकं बंद होती. एरवी या कारखान्यात शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तरी त्याच्या कानाशी ओरडावं लागतं. आज कुणी नुसता उसासा टाकला तरी तो सगळ्यांना ऐकू जात होता, आणि सकाळपासून उसाशांना काही तोटा नव्हता.

फोटो सगळे थोरल्यांचे. मागच्या बंद खोलीत, ऐरणीपाशी, हातात छोटी हातोडी घेऊन बसलेले थोरले. प्रत्यक्षातले थोरले समोरच्या बाकावर बसले होते, दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे. त्यांच्या मागे त्यांची बायको, घरातली थोरली, कपबश्या गोळा करत होती. त्या तिने दोनदा गोळा करून पुन्हा तिथेच ठेवल्या होत्या.

"अगं, कपाळ बघ," थोरल्यांचे भाऊ, धाकटे, आपल्या सुनेला म्हणाले. "सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी. ॲप्रनचा उसवलेला टाका दिसतोय. आणि हात? हात म्हणजे नुसता धूर. उद्या सकाळी छापखान्याला द्यायचाय फोटो. डबीवर काय, धूर छापू?"

"माझा कॅमेरा हलला असेल, बाबा," सून म्हणाली.

"अकराच्या अकरा वेळा?"

सुनेने पिशवीचा पट्टा सावरला. खांद्यावरची पिशवी तिने आल्यापासून खाली ठेवली नव्हती. पिशवीत एक पाकीट होतं आणि पाकिटात बारावा फोटो होता. तो दोरीवर टांगायचा नाही, हे तिने तीन दिवसांपूर्वीच ठरवलं होतं. फाडून टाकायचं मात्र तिला जमलं नव्हतं.

या घरात येऊन तिला वर्ष झालं होतं. लग्नाआधी ती काचेच्या भांड्यांचे फोटो काढायची, दुकानांच्या पुस्तिकांसाठी. तिला घरात सगळे 'फोटोवाली' म्हणत, आणि म्हणताना थोडं हसत. त्या हसण्याला कारण होतं. कात्र्या करणाऱ्या घरात फोटो काढणारी म्हणजे काय, तर हौस. मग बाजारात या घरच्या लाल डबीची नक्कल करणारी दुसरी लाल डबी आली आणि हसणं थांबलं.

हुबेहूब लाल, तीच लांबी, पात्यावर खिळ्याजवळ तीच तीन टिंबं. आतली कात्री मात्र पत्रा कापायच्याही लायकीची नाही. शिंपी ती घेऊन दुकानात यायचे आणि आपटायचे. तीस वर्षं गिऱ्हाईक असलेला एक शिंपी मास्तर तर चार लोकांसमोर म्हणाला, "तुमच्या बापाच्या नावाला काळं फासलंत." त्या दिवशी धाकटे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की डबीवर, पाटीवर आणि पुस्तिकेत असं काहीतरी पाहिजे, जे दुसऱ्या कुणाला उचलता येणार नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी इंटरनेटवरून एका हसणाऱ्या बाईचा फोटो विकत घेऊन दुकानाच्या पाटीवर लावला.

बाई छान होती. हातात कात्री धरून हसत होती. पंधरा दिवसांनी समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी आपली पाटी बदलली आणि तीच बाई तिथूनही हसायला लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी त्या दोघी एकमेकींकडे बघून हसत राहिल्या. येणारे-जाणारे विचारायला लागले, दात कुठे आणि कात्री कुठे?

"बाबा, दातांचं जाऊ द्या," तेव्हा सून पहिल्यांदा बोलली होती. "तिच्या हातातली कात्री आपली नाहीये. खिळा बघा. प्लॅस्टिकचा आहे."

धाकट्यांनी शिडी आणून, वर चढून, नाक लावून खिळा बघितला. खाली उतरले ते सुनेला फोटोंचं काम देऊनच.

तिने आठ दिवस कॅमेरा उघडलाच नाही. नुसती कारखान्यात बसली आणि कारागिरांना भंडावून सोडलं. मग म्हणाली, चमक नको, कारण नकली मालच जास्त चमकतो. झगमगीत दिवे नकोत, आपल्या पूर्वेच्या खिडकीचा उजेड पुरे. मागे पडदा नको, ज्या फळीवर कात्री घडते तीच खाली असू दे. फोटो कोणताही उचला, डबीवरचा असो की पाटीवरचा, तो याच घरातला आहे हे कळलं पाहिजे. भट्टीचे, कानशीचे, चाकांचे, कारागिरांच्या काळ्या नखांचे असे फोटो तिने काढले की धाकटे स्वतःच्याच कारखान्याकडे नव्याने बघायला लागले. पाटी ठरली, पुस्तिका ठरली. राहिलं होतं ते डबीचं झाकण.

झाकणावर थोरले, धाकटे आणि त्यांची बहीण या तिघा भावंडांच्या वडिलांच्या काळापासून एक ओळ छापलेली होती: 'शेवटचा हात घरचा.' त्या ओळीखाली तो हात हवा होता.

आणि तो हात दाराआड होता.

कात्रीची दोन पाती वेगवेगळी कितीही चांगली असोत, ती कात्री होते जोड लागल्यावर. पातं ऐरणीवर हलक्या हाताने ठोकून किंचित वाकवायचं, इतकं किंचित की डोळ्याला दिसू नये. मग खिळा बसवायचा. मग कात्री कानाशी धरून हळूहळू मिटायची. खिळ्यापासून टोकापर्यंत एकसारखा आवाज आला तर ती पास, आणि मगच तिच्यावर तीन टिंबं. वडिलांचा एक कारागीर ही कला शिकून गेला आणि त्याने शेजारच्या गल्लीत दुकान थाटलं. त्या संतापात वडिलांनी नियम केला: जोड फक्त घरातल्या थोरल्या मुलाने लावायचा, मागच्या खोलीत, दार बंद करून. आत फक्त चहा जाईल, आणि चहा घेऊन त्याची बायको. संताप कधीच विझला. नियम राहिला.

त्यामुळे सख्ख्या भावालाही त्या खोलीत काय चालतं ते माहीत नव्हतं. सुनेला आत जायची परवानगी मिळवायला धाकट्यांना तीन आठवडे भावाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागल्या होत्या. शेवटी थोरले म्हणाले, "एक दिवस. एक तास. आणि मला बोलायला लावायचं नाही."

एक तास झाला, अकरा फोटो झाले, आणि अकरांतही उजवा हात धूर.

धाकटे चष्मा कपाळावर चढवून दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा एकदा चालत गेले. ते एकसष्ट वर्षांचे होते, तरी या घरात 'धाकटे'च होते. भट्टी त्यांची, कारागीर त्यांचे, दुकान त्यांचं, शिव्या खायच्या त्यांनी. ते शेवटचं दार मात्र दादाचं. लहानपणी एकदा त्यांनी त्या दाराच्या फटीला डोळा लावला होता आणि वडिलांनी कान उपटला होता. तो कान अजून दुखतो असं ते गमतीने म्हणायचे. गमतीने म्हणायचे, पण म्हणायचे.

"दादा, तू तरी सांग," ते म्हणाले. "त्यातल्या त्यात कुठला?"

"तुम्ही ठरवा," थोरले म्हणाले.

"हे बघ, झालं. आयुष्यात पहिल्यांदा म्हणतोय तुम्ही ठरवा, आणि तेही ठरवण्यासारखं काही नसताना!"

"त्याला कशाला बोलतोस?" आत्या म्हणाली.

आत्या दुकानातली जुनी हातांची खुर्ची आत ओढून तिच्यात बसली होती. ती तिघांत मोठी, थोरल्यांपेक्षाही दोन वर्षांनी. अडुसष्ट वर्षांच्या थोरल्यांना 'बाळ' म्हणणारं माणूस जगात आता तेवढंच उरलं होतं. तिने लग्न केलं नाही. पस्तीस वर्षं शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या आणि चुकीवर लाल पेन्सिलीने गोल काढायची तिची सवय निवृत्तीनंतर घरातल्या माणसांवर उतरली होती. भांडण कोणतंही असो, ती बाळाच्या बाजूने असायची. आजही ती त्याच्याच बाजूने बोलायला उठली आणि फोटोंपाशी गेली, आणि तिथे तिचा घोळ झाला, कारण तिचे डोळे अजून चांगले होते.

"काय गं," ती सुनेला म्हणाली, "हे मागे फळीवर डबे आहेत ना? त्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येतंय. 'खिळे, लहान.' 'खिळे, मध्यम.'"

"हो, आत्या."

"कॅमेरा हलला म्हणतेस. मग डबे कसे नाही हलले?"

सुनेला कॅमेऱ्याची चूक वाटली होती ती फक्त पहिल्या दिवशी. खोली अंधारी, म्हणून तिने कॅमेऱ्याचा डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवला होता. 'मोठे बाबा, हातोडी अशीच धरा, हलू नका,' एवढंच ती म्हणाली होती. ते हलले नव्हते. डावा हात ऐरणीवर होता, त्याच्यावरचे केससुद्धा मोजता येत होते. उजवा मात्र थांबायला तयार नव्हता. घरी येऊन तिने सगळे फोटो मोठे करून बघितले आणि मग तिने कॅमेऱ्याला दोष देणं सोडलं.

"बाळ," आत्या म्हणाली, पण आवाज बदललेला होता. "हात दाखव बघू."

थोरल्यांनी हात काढले नाहीत.

"हे काय चाललंय?" धाकटे म्हणाले. त्यांना खरोखर काही कळलं नव्हतं. कळणार कसं? गेल्या पाच-सहा वर्षांत आतून येणाऱ्या कात्र्या कधी नव्हे इतक्या चांगल्या येत होत्या. "आपण फोटोचं बोलतोय. फोटो फसला, दुसरा काढू. पोरी, कॅमेरा आहे ना? दादा, ऐरण मी बाहेर आणतो. इथे खिडकीपाशी बस. दोन ठोके मार, ही फोटो काढेल, विषय संपला."

"आज नको, भाऊजी," थोरली म्हणाली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य. "आज त्यांचा खांदा दुखतोय."

"दोन ठोक्यांनी काय होतंय, वहिनी?"

"उजवा दुखतोय."

"मागच्या आठवड्यात डावा होता," आत्या म्हणाली.

थोरलीने कपबश्या तिसऱ्यांदा खाली ठेवल्या.

ती घाबरली होती, आणि घाबरल्यावर ती नेहमीच थंड दिसायची. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी ती चहा घेऊन आत गेली तेव्हा जमिनीवर चार पाती पडली होती, चारही वाया गेलेली. नवरा भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो म्हणाला, "जरा धर." तिने पातं धरलं. पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, "मार, मी सांगतो किती." तिने हातोडी डाव्या हातात घेतली, कारण ती डावखुरी होती. मारली, चुकली, पुन्हा मारली. वर्षभराने चुकायची थांबली. "कुणाला बोलू नकोस," हे तो एकदाच म्हणाला. पुन्हा सांगावं लागलं नाही.

का बोलायचं नाही, हे तिला विचारावं लागलं नाही. आत्या ज्या खुर्चीतून आत्ता उठली होती तीच ती खुर्ची. तिच्या सासऱ्यांचे डोळे गेले तेव्हा थोरल्यांनीच त्यांना समजावून त्या खुर्चीत बसवलं होतं, दुकानाच्या दारात, हातात एक घंटी देऊन. गिऱ्हाईक आलं की वाजवायची. प्रेमाने बसवलं होतं, वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. ज्या माणसाला सगळा बाजार वचकून होता तो दोन वर्षं घंटी वाजवत बसला, आणि शेवटी शेवटी गिऱ्हाईक नसतानाही वाजवायचा. थोरल्यांना मरणाची भीती वाटत नसे. त्यांना त्या खुर्चीची भीती वाटायची.

"ऐरण आणतो मी," धाकटे म्हणाले आणि मागच्या दाराकडे निघाले.

"थांब," थोरले म्हणाले.

मग त्यांनी सुनेकडे बघितलं.

"बारावा कुठंय?"

सुनेने नकळत पिशवी छातीशी धरली. "काय, मोठे बाबा?"

"तुझा कॅमेरा बारा वेळा वाजला. अकरा वेळा समोरून. मग तू सामान घेऊन गेलीस. मग एकदा दारातून वाजला. दोरीवर अकराच आहेत."

खरंच होतं. ती भिंगाचं झाकण विसरली होती, ते न्यायला परत आली होती. दाराला कडी घातलेली नव्हती. तिने दार ढकललं, समोर बघितलं, आणि बोटाने आपलं काम केलं. मग ती झाकण न घेताच पाय न वाजवता निघून गेली. दोघांपैकी कुणीही मान वर केली नव्हती. तिला वाटलं होतं, कुणाला कळलं नाही. हा माणूस पात्यातला केसाएवढा फरक कानाने ओळखतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?" थोरलीने नवऱ्याला विचारलं.

"चार दिवस झाले."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"ही टांगते का नाही, ते बघत होतो," थोरले म्हणाले. "नाही टांगलान. पोरगी चांगली आहे. आता टांग."

सुनेने पाकीट उघडलं. बारावा फोटो तिने दोरीच्या टोकाला टांगला.

फोटोत खोली होती, ऐरण होती, आणि ऐरणीवर वाकलेली थोरली होती. डाव्या हातात हातोडी, ओठ घट्ट मिटलेले. तिच्या शेजारी बुटक्या स्टुलावर थोरले, डोळे मिटून, कान पात्याच्या अगदी जवळ नेऊन. दोघांची डोकी जवळजवळ टेकली होती. या फोटोत काहीही पुसट नव्हतं. थोरल्यांचे हात दिसतच नव्हते, ते मांड्यांखाली होते.

धाकटे मागच्या दाराकडून दोरीपाशी परत आले.

"किती वर्षं?" धाकट्यांनी विचारलं.

"सहा," थोरली म्हणाली.

"म्हणजे सहा वर्षं मी त्या मास्तरांना, दुकानदारांना, सगळ्या जगाला शपथेवर सांगतोय की माझ्या भावाचा हात आहे..." ते मध्येच थांबले. त्यांना राग आला होता, पण तो नेमका कुणावर काढावा ते सापडत नव्हतं. "मला सांगायचं, दादा. परका आहे का मी?"

"परका!" आत्या म्हणाली, आणि सगळे दचकले, कारण तिने आवाज चढवला होता. "परकेपणाचं मला विचार. मी तेरा वर्षांची असताना बाबांना म्हटलं, मला शिकवा जोड. चांगला कान होता मला. ते म्हणाले, तू परक्या घरी जाणार, तुला शिकवून काय करू? मी कुठे गेले? सांगा ना, गेले का कुठे? जन्म काढला या घरात, त्या खोलीचा उंबरा एकदाही ओलांडला नाही. आणि परक्या घरून आलेली ही, ही आत बसून..."

आयुष्यभर बाळाची बाजू घेणारी बाई त्याच्यापासून दोन पावलं मागे सरली होती आणि दोरीकडे पाठ करून उभी राहिली होती.

"ताई, मी मागून नाही घेतलं," थोरली म्हणाली. "माझ्या गळ्यात पडलं."

"माझ्याही गळ्यात पडलं असतं तर चाललं असतं," आत्या म्हणाली.

धाकटे तेवढ्यात सावरले होते. ते मनाने वाईट नव्हते, फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट दुपारपर्यंत मार्गी लावायची घाई असायची. त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे, दादा. झालं ते झालं. खूप केलंस तू. आता वहिनींचा हात बसलाय, तर त्या बघतील आतलं. तू आराम कर. पुढे दुकानात बस निवांत, गिऱ्हाइकांशी गप्पा मार. ही खुर्ची आहेच."

थोरल्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. त्यांनी खुर्चीकडे बघितलंही नाही.

थोरली मात्र चालत कपाटापाशी गेली. शुक्रवारच्या मालातल्या दोन कात्र्या तिने काढल्या आणि धाकट्यांच्या हातात ठेवल्या.

"भाऊजी, यातली पास कुठली?"

"मी काय सांगणार?"

"वाजवून बघा."

धाकट्यांनी एक मिटली, दुसरी मिटली. "दोन्ही सारख्याच."

"मलाही सारख्याच वाटतात," थोरली म्हणाली. "सहा वर्षं झाली, अजून वाटतात. ताई, तुम्ही बघा."

आत्याने आधी मान फिरवली. मग न राहवून हात पुढे केला. तिने कात्र्या कानाशी नेल्या, एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. तिचा रागीट चेहरा हळूहळू मुलांच्या वह्या तपासणाऱ्या बाईंचा झाला.

"ही अडतेय," ती म्हणाली. "कुठे ते नाही कळत. पण अडतेय."

"खिळ्यापासून तीन बोटांवर," थोरले बाकावरून म्हणाले. त्यांनी मानही वळवली नव्हती. "पात्याला अजून एक ठोका कमी पडलाय. हलका. परवा जेवायला हाक आली म्हणून राहिला."

थोरली धाकट्यांकडे वळली. "हे पुढे जाऊन बसले की मी ठोके मारीन, भाऊजी, पाहिजे तितके. चार महिन्यांत तुमच्या लाल डबीत आणि त्या लाल डबीत फरक उरणार नाही. यांना त्या खुर्चीत बसवायचं असेल तर बसवा. मग मीही पुढे येऊन बसते. एकीऐवजी दोन घंट्या होतील."

सुनेला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात घालवलं. धाकट्यांना हसू आलं नाही. त्यांनी भावाच्या खांद्यावरचा हात काढला, खुर्ची उचलली आणि ती कारखान्याबाहेर, दुकानात नेऊन ठेवली. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. खुर्ची जड होती, असं ते म्हणाले.

"मग डबीवर काय?" त्यांनी विचारलं. "छापखाना थांबणार नाही. ही ओळ काढायची का? 'शेवटचा हात घरचा'?"

"का काढायची?" आत्या म्हणाली. अजून तिने थोरलीकडे बघितलं नव्हतं. "हात घरचा नाही का? बाबांनी कुणाला घरचं मानलं ते गेलं चुलीत. आता मी सांगते ना."

"हाच फोटो," थोरले म्हणाले.

"मी नको," थोरली पटकन म्हणाली. "यांना ठेवा नुसतं. पोरी, कापता येतं ना? माझ्या बाजूने काप."

सुनेने फोटोकडे बघितलं. तिला सवयीने हे आधीच दिसलं होतं, कुठे कापलं तर काय उरेल. तिने अंगठा फोटोच्या डाव्या बाजूवर धरला. उरला एक म्हातारा, स्टुलावर डोळे मिटून बसलेला, डुलक्या काढणारा. मग तिने अंगठा उजवीकडे नेला. उरली एक बाई, एका लोखंडाच्या तुकड्यावर उगाच रागावलेली.

"नाही कापता येत, मोठी आई," ती म्हणाली. "कुठूनही कापलं तरी कात्री होत नाही."

"लोक काय म्हणतील?" धाकटे म्हणाले, पण त्यात दम नव्हता. त्यांनी चष्मा खाली ओढून फोटो जवळून बघितला, खूप वेळ. "हे मात्र कुणाच्या बापाला उचलता येणार नाही," ते शेवटी म्हणाले. "दातांच्या डॉक्टरला तर नाहीच."

असं ते ठरलं. सून फोटो दोरीवरून काढायला गेली, तेव्हा थोरली तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. स्वतःचा फोटो ती पहिल्यांदाच नीट बघत होती.

"माझ्या कामावर ही सावली कसली?" तिने विचारलं.

"तुमच्याच हाताची. खिडकी डावीकडे आहे, मोठी आई, आणि तुम्ही डावखुऱ्या. हाताची सावली नेमकी पात्यावर पडते. उजव्या हाताच्या माणसाला ती खोली बरोबर आहे."

"मला वाटायचं, माझे डोळेच गेले," थोरली म्हणाली. "मग मला उजेड कुठून यायला हवा?"

"उजवीकडून. दाराकडून."

थोरलीने मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, भाजी काय आणायची ते सांगावं तशी, "अहो, मग आता ते दार उघडं राहू द्या. सहा वर्षं मी अंधारात ठोकतेय."

थोरले उठले. त्यांनी मांड्यांखालून हात काढले, सगळ्यांच्या देखत, आणि दारापाशी गेले. रविवारची बाहेरून घातलेली कडी जुनी होती, घट्ट बसायची. त्यांनी उजव्या हाताने ती धरली आणि कडी खडखडायला लागली. त्यांना ती वर सरकवता येईना. हात निसटला, त्यांनी पुन्हा धरली. धाकटे पुढे व्हायला निघाले, आत्याने त्यांच्या दंडाला धरून त्यांना मागे ओढलं. कडी वाजत राहिली. कारखाना इतका शांत होता की तिचा खडखड आवाज सगळीकडे भरून राहिला, आणि सगळे उभ्या उभ्या तो ऐकत राहिले. तिसऱ्या खेपेला कडी निघाली.

थोरल्यांनी दार भिंतीपर्यंत उघडलं आणि ते पुन्हा मिटू नये म्हणून ऐरणीजवळची वीट पायाने ओढून त्याला लावली.

"ताई," ते आत बघतच म्हणाले, "ती अडणारी कात्री घेऊन ये आत. स्टूल अजून एक लागेल."